अंतराचा भार

९ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

आशीर्वाद नेहमीचेच, पण या खेपेला थोडे कापून पाठवते आहे. सख्ख्या भावाच्या गावात येऊन सरकारी विश्रामगृहात झोपणाऱ्या दिराला अख्खे आशीर्वाद देणं जिवावर येतं.

कारण माहीत आहे मला. महसूल वाटप आयोगाचे सदस्य म्हणून तुम्ही सुनावणीला आलात, आणि आमच्या प्रांताचे वित्त सचिव म्हणून हे तुमच्यासमोर गाऱ्हाणं घेऊन उभे राहिले. न्याय करणाऱ्याने फिर्यादीकडे जेवू नये, एवढं कळतं. तुमची नेमणूक झाली त्या दिवसापासून हे तुमचा फोनही घेत नाहीत. "अहवाल येईपर्यंत बोलणं नाही. उद्या कुणी म्हणायला नको, भावाने भावाचं ताट वाढलं." ठीक. मला मात्र कुणी शपथ घातलेली नाही, आणि भूगोल शिकवणाऱ्या बाईच्या पत्राने सरकार कोसळत नाही.

मी सभागृहात अगदी मागे बसले होते. ह्यांनी तुम्हाला 'माननीय सदस्य' म्हटलं, तुम्ही ह्यांना 'सचिव महोदय, जरा थोडक्यात' म्हणालात. मला हसू आवरेना. नंतर रडूही आलं, ते वेगळं.

पण ते बोलले चांगलं, नाही का? सगळ्या देशाचा कर राजधानीत जमतो आणि डोकी मोजून परत वाटला जातो. आमची तरणी पोरं कामासाठी खाली सपाटीवर जातात, तिथेच मोजली जातात, आणि प्रत्येक शिरगणतीला आमचा वाटा घटतो. घाट मात्र तेवढाच राहतो. बर्फही तेवढंच पडतं. एवढं साधं सांगायला ह्यांना तासभर लागला, कारण मध्ये मध्ये तुमचे अध्यक्ष घड्याळ बघत होते. शेवटी आमच्या ड्रॉइंगबाई उठल्या. आठवतात ना? माझ्याच शाळेत होत्या, निवृत्तीनंतर घाटमाथ्यावरच्या आपल्या गावी गेल्या. "साहेब, माणसं कमी झाली म्हणून घाट आखूड होतो का हो?" सगळं सभागृह हसलं. तुम्हीसुद्धा. पाहिलं मी.

त्या मुद्दाम खाली आल्या होत्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिस लागतं. घाटमाथ्याच्या दवाखान्यात ती सोय आहे म्हणून त्या जिवंत आहेत. त्यांच्यासारखे आणखी वीसेक जण. तो विभाग बंद करायचा आदेश ह्यांच्या टेबलावर सहीसाठी पडून आहे. तिजोरीत नाही तर कुठून आणणार? हे रोज तो कागद गठ्ठ्यात वरून खाली ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वर घेतात.

मी काही मागत नाही. फक्त तिकडे काय चाललंय ते कळवत जा. घरात हल्ली भिंतीशी बोलावं लागतं.

तुमची वहिनी

*

२८ ऑक्टोबर

प्रिय वहिनी,

कापलेले आशीर्वाद पोचले. मी तेवढ्याच लायकीचा आहे. त्या रात्री विश्रामगृहाच्या खिडकीतून तुमच्या स्वयंपाकघरातला दिवा दिसत होता, हे सांगून उरलेले मिळतात का बघतो.

इथलं सांगतो. आम्ही पाच जण एका लांबट खोलीत बसतो. खिडकी आहे पण उघडत नाही. अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती आहेत, सभ्य गृहस्थ, कुणालाच दुखवत नाहीत, त्यामुळे काही ठरतही नाही. आमच्यात एक संख्याशास्त्राच्या प्राध्यापिका आहेत, त्यांना आम्ही आपसात 'आकडेबाई' म्हणतो. त्या एकट्या माझ्या बाजूने आहेत. उरलेले दोघे मोठ्या प्रांतांचे. त्यांचं म्हणणं, कर आम्ही भरतो, डोंगरात राहायची हौस तुम्हाला, तिचा खर्च आम्ही का सोसायचा?

मी एक सुधारणा मांडली आहे. वाटा ठरवताना नुसती डोकी मोजायची नाहीत, वस्ती किती विखुरलेली आहे आणि तिथे पोचायला किती अंतर पडतं हेही धरायचं. कागदावर त्याला 'अंतराचा भार' असं नाव दिलं आहे. हे मान्य झालं तर आपल्या प्रांताचा वाटा दीडपट होईल. खरं सांगू? मी हे शब्दांत मांडत होतो तेव्हा ड्रॉइंगबाईंचाच प्रश्न कानात होता.

दादा चांगला बोलला. त्याच्या शर्टाची कॉलर उसवली होती. सचिवाला दोन शर्ट घ्या म्हणावं.

तुमचा
भाऊजी

*

२१ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

तुमचं पत्र मी मोठ्याने वाचलं. माझ्या बाजूला हे चष्मा शोधत होते. चष्मा डोळ्यांवर होता. 'दीडपट' आलं तेव्हा शोध थांबला. "काय म्हणाला? पुन्हा वाच." मी म्हटलं, "तुमचं त्याच्याशी बोलणं नाही ना?" तर म्हणाले, "मी कुठे बोलतोय? मी ऐकतोय."

वर बर्फ सुरू झालंय. गेल्या रविवारी ड्रॉइंगबाईंकडे जाऊन आले. हातांना सूज आहे, पण जीभ तशीच तिखट. त्यांना सांगितलं की तुमचा प्रश्न थेट राजधानीच्या कागदावर गेलाय. म्हणाल्या, "गेला तो गेला. उत्तर घेऊन येतो का बघू."

आदेश अजून टेबलावर आहे. वर्षअखेरीपर्यंत सही करावी लागेल, नाहीतर पगार थकतील. मी तुम्हाला घाई करत नाही. पण घाई आहे.

वहिनी

*

१५ डिसेंबर

प्रिय वहिनी,

मान्य झालं!

आज दुपारी मतदान झालं. तीन विरुद्ध दोन. अध्यक्षांनी शेवटपर्यंत पेन खाली ठेवलं नाही, मग एकदम म्हणाले, "माझा कौल अंतराच्या भाराला." आकडेबाईंनी टेबलाखाली माझा हात इतका दाबला की अजून दुखतोय. इतकी वर्षं चाललेली डोकेमोजणी मोडली, वहिनी. आपण मोडली.

अहवाल पुढच्या आठवड्यात सरकारकडे जाईल. आयोगाचा अहवाल सरकारने फेकून दिला असं आजवर झालेलं नाही. दादाला सांगा, तो विभाग बंद करू नकोस. नव्या आर्थिक वर्षापासून हात मोकळा होईल. हे मी सांगायला नको, नियमात बसत नाही. पण तुम्ही म्हणालात तसं, भूगोलाच्या बाईंच्या पत्राने सरकार कोसळत नाही.

आज फार दिवसांनी मला झोप लागेल.

भाऊजी

*

३ जानेवारी

प्रिय भाऊजी,

कापून ठेवलेले सगळे आशीर्वाद व्याजासकट पाठवते आहे.

ह्यांनी तो आदेश फाडला. माझ्यासमोर, स्वयंपाकघरात, आणि तुकडे कचऱ्यात न टाकता खिशात घातले. सरकारी कागद आहे म्हणे! मी विचारलं, "नक्की ना? बाजारात तुरी तर नाहीत?" तर म्हणाले, "त्याने मान्य झालं असं लिहिलंय. तो लहानपणापासून मोजून-मापून बोलतो. पुडी सोडणारा मीच होतो."

चालू वर्षाची तोंडमिळवणी मात्र त्यांनी कशी केली तेच जाणोत. पगार आणि औषधं ठेवली, बाकी जे जे पुढे ढकलता येईल ते नव्या वर्षावर ढकललं. शाळांचे बाक, रस्त्याचे कठडे, यंत्रांच्या देखभालीचे करार. खात्याखात्यांतून लोक भांडायला आले. हे सगळ्यांना एकच सांगत होते, "तीन महिने कळ काढा."

बर्फाने घाट बंद व्हायच्या आत ड्रॉइंगबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं. म्हणाल्या, "म्हणजे उन्हाळ्यात मला रंग आणायला हवेत." रंगांची पेटी त्यांनी भाचीला देऊन टाकली होती. आवरून ठेवलं होतं सगळं त्यांनी, भाऊजी. मला ते माहीतही नव्हतं.

हे काल जेवताना चक्क गुणगुणत होते. बेसूर, पण होते.

वहिनी

*

४ मार्च

प्रिय वहिनी,

हे पत्र लिहायला उशीर झाला, कारण परवापर्यंत मलाच खात्री नव्हती.

सरकारने अहवाल स्वीकारला. अंतराचा भारही स्वीकारला. पण टप्प्याटप्प्याने. मोठ्या प्रांतांचे मुख्यमंत्री एकत्र येऊन बसले, सरकार त्यांच्याच टेकूवर उभं आहे. ठरलं असं की पहिली दोन वर्षं कुणाचाच वाटा घटवायचा नाही. कुणाचा घटणार नाही म्हणजे आपला वाढणार नाही. नवी पद्धत तिसऱ्या वर्षापासून.

मी भांडलो. आकडेबाईंनी राजीनाम्याची धमकी दिली. अध्यक्ष म्हणाले, "तत्त्व मान्य झालं, हे काय थोडं आहे?" आणि वहिनी, ते अगदीच खोटं नाही. एकदा कायद्यात आलेली गोष्ट सहजी निघत नाही.

मी डिसेंबरात 'मान्य झालं' लिहिलं ते आयोगाने मान्य केल्याचं. दादाने ते तसंच घेतलं असेल ना? त्याची उभी हयात या कागदांत गेली आहे. आयोगाची मान्यता आणि सरकारची मान्यता यांतलं अंतर त्याला मी सांगायला नको. तरीही हे पत्र त्याला लगेच दाखवा.

भाऊजी

*

२९ मार्च

भाऊजी,

तुमचं पत्र आलं तेव्हा हे दाढी करत होते. वाचून त्यांनी चेहरा पुसला, अर्धी दाढी तशीच ठेवून ऑफिसला गेले. शनिवारची सुट्टी होती. रखवालदाराकडून कुलूप उघडून घेतलं आणि जे जे पुढे ढकललं होतं त्यातलं जिवावरचं काय आहे ते शोधत बसले.

घाटमाथ्याच्या डायलिसिसला पाणी शुद्ध करणारं एक यंत्र असतं. तेच पाणी मशीनमध्ये रक्ताला जवळजवळ भिडतं. त्या यंत्राच्या गाळण्या ठरावीक काळाने बदलाव्या लागतात. तो करार ह्यांनी डिसेंबरात थांबवला होता. देखभाल म्हणजे रंगरंगोटी, तेलपाणी, असंच त्यांना वाटलं. यादीत तसंच एका ओळीत होतं. त्यांनी त्याच दिवशी कंपनीला फोन केला, घरातले पैसे देतो म्हणाले. कंपनीने सांगितलं, पैशांचं राहू द्या, बर्फ हटल्याशिवाय आमची गाडी वर जाऊ शकत नाही.

मग हे दवाखान्याशी बोलले. तिथले डॉक्टर म्हणाले, "साहेब, अजून तरी पाणी ठीक येतंय. मशीन थांबवली तर आठवड्यात माणसं जातील. काय करू?" ह्यांनी विचारलं, "तुम्ही काय कराल?" डॉक्टर म्हणाले, "चालू ठेवीन." हे म्हणाले, "ठेवा."

पुढच्या आठवड्यात ऊन पडलं. बर्फ वितळून नळाला गढूळ पाणी आलं, म्हणून नगरपालिकेने त्यात जंतुनाशक जास्त टाकलं. चुकीचं काही केलं नाही त्यांनी. पण झिजलेल्या गाळण्यांतून ते औषध थेट मशीनमध्ये गेलं. सकाळच्या पाळीला सात जण होते. रक्त आतल्या आत फुटलं, असं डॉक्टर म्हणाले. चार गेले.

ड्रॉइंगबाई त्या पाळीत होत्या.

रस्ता उघडल्यावर मी वर गेले. भाचीने मला पाणी दिलं आणि म्हणाली, "मावशी घरून निघताना म्हणाली, आज जरा लवकर येते." एवढंच. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

हे घरी आहेत. निलंबित. मी तुम्हाला दोष देत नाहीये. कुणाला द्यावा हेच मला उमगत नाहीये, म्हणून इथेच थांबते.

वहिनी

*

५ एप्रिल

वहिनी,

मी येतो आहे. चौकशी समितीसमोर सांगतो की नव्या वर्षात पैसे येतील हे दादाला मी कळवलं होतं, माझं पत्र आहे. त्याने मनाने काही केलं नाही. मग माझं जे व्हायचं ते होवो. राजीनामा लिहून ठेवला आहे.

दादाला फोन केला. उचलला. पहिल्यांदाच उचलला. मी "दादा" म्हणालो. तो म्हणाला, "जेवलास का?" आणि ठेवून दिला.

समितीची तारीख कळवा.

भाऊजी

*

१४ एप्रिल

भाऊजी,

येऊ नका. हा ह्यांचा निरोप आहे, शब्दशः लिहिते. "त्याला सांग, तो इथे आला आणि बोलला तर उद्या पेपरात येईल की आयोगाच्या सदस्याने भावाला आतली बातमी दिली. मग अहवाल रद्द होईल. तिसऱ्या वर्षी का होईना, जे येणार आहे तेही जाईल. मेलेली माणसं उठणार नाहीत. जिवंत आहेत त्यांचा तरी वाटा राहू दे."

चौकशी झाली. मी बाहेर बाकावर होते, दार लोटलेलं होतं, सगळं ऐकू येत होतं. समितीच्या प्रमुखांनी विचारलं, "पुढच्या वर्षी पैसे वाढतील हे तुम्ही कुणाच्या भरवशावर धरलंत?"

हे म्हणाले, "माझ्या अंदाजावर."

"लेखी काही आधार?"

"नाही."

"म्हणजे तुम्ही हवेवर प्रांत चालवत होतात?"

"हो."

खोटं बोलताना ह्यांचा आवाज नेहमी चढतो. या वेळी चढला नाही. तुमची पत्रं मी जाळलेली नाहीत. पण विचारलं तर जाळली असंच सांगेन.

वहिनी

*

२२ मे

प्रिय वहिनी,

तुम्हाला पेपरातून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं.

घाटमाथ्याच्या प्रकरणाचा मोठ्या प्रांतांनी बरोबर उपयोग करून घेतला. ज्यांना हातातले पैसे वापरता येत नाहीत त्यांना जास्त कशाला द्यायचे, असा सूर लागला. काल सरकारने ठरवलं की अंतराचा भार फक्त 'आर्थिक शिस्त सिद्ध करणाऱ्या' प्रांतांनाच लागू होईल. शिस्त मोडलेल्यांच्या यादीत सध्या एकच नाव आहे.

त्याचा मसुदा आमच्याकडे आला. आकडेबाईंनी सही नाकारली आणि घरी गेल्या. मी राहिलो. मला वाटलं, आत राहिलो तर निदान एखादं वाक्य सौम्य करता येईल. एक केलंही. 'कायमचे अपात्र' होतं, तिथे 'तूर्तास अपात्र' केलं. याहून जास्त काही मला जमलं नाही.

म्हणजे दादा गप्प राहिला ते कशासाठी? मी गप्प राहिलो ते कशासाठी? सगळ्यांच्या तोंडाला पानं पुसली गेली, आणि ती पुसणारा हात माझा होता. तो मसुदा पाठ झाला आहे मला. रोज ऑफिसात जातो. लोक नमस्कार करतात. मी करतो.

दादाला लिहू का? काय लिहू तेच कळत नाही. आकडेबाई म्हणतात, तीन वर्षांनी सरकार बदललं तर 'तूर्तास' हा शब्द उपयोगी पडेल.

भाऊजी

*

१६ जून

प्रिय भाऊजी,

राजधानीतून एक नवे अधिकारी आले आहेत, ह्यांच्या जागेवर. तरुण आहेत, नीटनेटके. आल्या आल्या त्यांनी घाटमाथ्याचा विभाग बंद केला. सही करायला चहाचा कप थंड होण्याएवढासुद्धा वेळ लागला नाही, असं ह्यांच्या शिपायाने सांगितलं. मशीन ट्रकमधून खाली आणली. उरलेल्यांपैकी काही जण नातेवाइकांकडे सपाटीवर गेले, तिथे मोजले जातील. काही जण बसने घाट उतरून येतात. काही येत नाहीत. ते का येत नाहीत हे विचारायला वर कुणी जात नाही, म्हणून त्यांची बातमी होत नाही. चौकशीही होणार नाही.

हे सकाळी उठून कपडे करतात, बूट घालतात आणि पलंगाच्या कडेवर बसतात. मी शाळेतून येते तेव्हाही बूट पायांतच असतात. मी काढते. परवा ते काढताना म्हणाले, "ऑक्टोबरात सही केली असती तर बाई वाचल्या असत्या. इथे खाली आणलं असतं त्यांना, आपल्याकडे ठेवलं असतं."

मी म्हटलं, "आणि बाकीचे? सगळ्यांना कुठे ठेवलं असतं?"

"बाकीचे गेलेच असते," ते म्हणाले. "पण एकेक करून. आपापल्या घरी. त्याला कुणी सचिवाची चूक म्हटलं नसतं."

मग दुसरा बूट काढला तेव्हा म्हणाले, "मला वाटलं होतं, एकदा तरी वरून काहीतरी वेळेवर येईल."

मी बूट पलंगाखाली सरकवले, भाऊजी. शाळेत मी मुलींना शिकवते की पाणी उंचावरून खाली वाहतं. पैशांचंही तसंच असेल असं एकीने उत्तरपत्रिकेत लिहिलं होतं. मी तिला गुण दिले. काय करणार?

तुम्ही राजीनामा देऊ नका असं मी म्हणत नाही, द्या असंही म्हणत नाही. मला त्यातलं आता काही वाटत नाही. तुमच्यावर राग नाही. रागाला थोडी उमेद लागते.

एकच मागते. तुम्ही मागच्या पत्रात विचारलंत म्हणून. ह्यांना लिहा, जरूर लिहा. तब्येतीचं लिहा, तिकडच्या उकाड्याचं लिहा, खिडकी उघडत नाही त्याचं लिहा. पण तीन वर्षांनी सरकार बदलेल, 'तूर्तास' हा शब्द उपयोगी पडेल, असलं काही लिहू नका. माझ्याकडे आलेलं ते पान मी ह्यांना वाचून दाखवताना वगळलं.

कारण ते तुमच्यावर अजून विश्वास ठेवतात.

तुमची
वहिनी